वय वर्षे नऊ

अरफातचा गळा गोड निघाला तेव्हा मकबूलच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं कुणावर रागवायची वेळ आली, तर हिशोबानं रागावता येईल.

मकबूलची उमरग्यात बेंजो पार्टी. वरातीत, मिरवणुकीत वाजवायची. एक गाडा, त्यावर स्पीकरची भिंत, मागं जनरेटर, पुढं ढोलवाले. मर्दानी आवाजाची गाणी मकबूल स्वतः म्हणायचा. बायकी आवाजासाठी सोलापूरहून एक बाई यायची. बाई गायला बरी होती, पण एकटी कधी यायची नाही. तिच्यासोबत तिचा भाऊ यायचा. भावाला जेवण, भावाला पान, दोघांना जायला-यायला गाडी. वर ऐन लग्नसराईत कुणी दोन पैसे जास्त दाखवले की बाईचा फोन बंद. हे सगळं आता पोराच्या गळ्यानं वाचणार होतं. पोराला सोबत भाऊ नको, गाडी नको, आणि त्याच्याकडं बंद करायला फोनही नाही. बर्फाचा एक गोळा दिला की खूश. गोळा गळ्याला वाईट म्हणून तोही द्यायचं कारण नाही. इतका स्वस्त कलाकार उमरगा तालुक्यात दुसरा नव्हता.

तर बाप आणि लेक एकाच गाड्यावर उभं राहून, एकमेकांकडं बघत प्रेमाची गाणी म्हणायला लागले. बापानं विचारायचं, माझी होशील का. लेकानं लाजून उत्तर द्यायचं. पहिल्या लग्नात लोक पोट धरून हसले. दुसऱ्यात त्यांनी मोबाइल वर धरले. पोर काळी पाचमध्ये गायचं. काळी पाच म्हणजे पेटीवरची इतकी उंच पट्टी, की बायाही तिथं जपून जातात. अरफात तिथं पतंगासारखा चढायचा आणि वरच राहायचा. त्याचा व्हिडिओ उमरग्याहून हैदराबादपर्यंत ट्रकवाल्यांच्या मोबाइलवर फिरला. सुपाऱ्या वाढल्या. मकबूलनं नवा गाडा घेतला, टेम्पो घेतला, घरावर एक खोली चढवली.

पहिल्या सराईत पोर खरोखरच नऊ वर्षांचं होतं, हे मकबूलच्या बाजूनं सांगायला पाहिजे. फ्लेक्स छापला तेव्हा त्यात खोटं काहीच नव्हतं. लाल शेरवानी, डोक्याला फेटा, हातात माइक, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘बालकलाकार अरफात, वय वर्षे ९, पट्टी काळी पाच.’ पुढच्या सराईला फ्लेक्सवाला म्हणाला, “दहा करू का?” मकबूलनं विचार केला. दहा म्हटलं की पोर शाळकरी वाटतं. नऊ म्हटलं की चमत्कार वाटतो. फ्लेक्स तसाच राहिला. त्याच्या पुढच्या साली तर कुणी विचारलंही नाही.

गल्लीनं मात्र विचारलं. आमची गल्ली असल्या कामात मागं नसते.

“मकबूलभाई, पोराला बरणीत घालून ठिवलाव काय? आमची पोरं दरसाल वाढूलालीत, तुमचं हाय तेवढंच!”

“कलाकाराला वय नसतंय भाऊ.”

“मग फ्लेक्सवर कामून लिवलाव?”

मकबूल हसायचा. हसण्याला पैसा पडत नाही.

खरं वय घरात एकाच जागी लिहिलेलं होतं, त्या लाल शेरवानीच्या शिवणीत. फ्लेक्सवर जी शेरवानी, तीच अंगावर दिसली पाहिजे, असा मकबूलचा हुकूम. म्हणून त्याची बायको फरिदाबी दर सराईच्या तोंडावर ती उसवायची आणि आत दाबलेलं कापड, शिंपी ज्याला माया म्हणतात ते, थोडं थोडं बाहेर सोडायची. आधी बाह्या, मग काखा, मग पाठ. यंदा माघात उसवायला बसली तर दाबलेलं कापड संपलेलं होतं. शेरवानी गुडघ्याच्या वर आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, “आता ह्यात माया न्हाई उरली. नवी शिवा, न्हाईतर पोराला कापा.”

मकबूल म्हणाला, “एवढी एक सराई निघंल.”

त्याच महिन्यात गुंडप्पा मास्तर मकबूलच्या सुपाऱ्या घ्यायच्या दुकानाची पायरी चढले. मास्तर मठात पेटी शिकवायचे. फी घेत नसत, आणि फी घेत नसल्यामुळं कुणालाही नाही म्हणायची त्यांना मोकळीक होती. ती ते भरपूर वापरत. उमरग्यातले दोन नगरसेवक आपापली पोरं घेऊन मठाच्या दारातून परत गेले होते.

“मकबूल, काल तुझा गाडा आमच्या घराखालून गेला,” मास्तर म्हणाले. “भिंतीवरचं घड्याळ पडलं. त्याचं काही नाही, ते बंदच होतं. ते पोरगं कुठाय?”

अरफात आतून आला. मास्तरांनी माइकशिवाय गायला सांगितलं. पोरानं छाती भरून घेतली आणि असा सूर लावला की समोरच्या पानवाल्यानं मान वर केली.

“ओरडू नको बाळ. मी बहिरा न्हाई अजून. हळू.”

पोराला हळू येईना. हळू गायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. मग मास्तरांनी त्याला तोंड मिटायला लावलं, हनुवटीखाली एक बोट ठेवलं आणि नुसता ‘सा’ धरायला सांगितला. पोरानं धरला. भुंग्यासारखा, मिटल्या ओठाआड. मास्तरांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. अरफातही सूर सोडीना. आपल्या आत एवढी शांत जागा आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. त्याचा चेहरा तसा झाला होता.

“वय किती ह्याचं?” मास्तरांनी विचारलं.

आता दुकानात त्या वेळी ढोकीचे व्यंकटराव बसलेले होते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचे मालक. पुतण्याच्या लग्नाची सुपारी द्यायला आले होते, इसाराची नोट खिशातून निम्मी बाहेर आली होती. गिऱ्हाइकासमोर मकबूल काय बोलणार?

“नऊ,” मकबूल म्हणाला.

मास्तरांनी पोराच्या हातापायांकडं पाहिलं. पोर किडकिडीत होतं, पण पंजे मोठे होते. त्यांनी पोरालाच विचारलं, “किती रे बाळ?”

हा प्रश्न अरफातला दर लग्नात विचारला जायचा, माइकवर, टाळ्यांच्या आधी. त्यानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

“नऊ.”

मास्तर खाली बसले. “मग अजून तीन-चार वर्षं हायत. आत्ता बंद कर म्हटलं तर तू करणारा न्हाईस, मला ठाऊक हाय. जपून गाऊ दे. पण एक ध्यानात ठेव मकबूल. आवाज बदलायला लागला की त्या दिवशी गाडा बंद. वर्ष-दीड वर्ष तोंड मिटून ‘सा’, दुसरं काही न्हाई. तेव्हा ह्याला माझ्याकडं आण. पुढं हा काय होईल, ते मी आज बोलत न्हाई. दृष्ट लागते. पण त्या दिवसांत ह्यानं उंच पट्टीत ओरडलं, तर मग मी काय, कुणीच काही करू शकत न्हाई.”

“व्हय मास्तर,” मकबूल म्हणाला, आणि व्यंकटरावांच्या खिशातली नोट उरलेली निम्मीही बाहेर आली.

घरी जाताना अरफातनं विचारलं, “अब्बा, मास्तरला खरं सांगायचं ना?”

“सराई झाली की सांगू. मास्तर कुठं पळून चाललेत का?”

त्या दिवसापासून टेम्पोत, सामानावर आडवं होऊन, ते मिटल्या ओठांनी ‘सा’ धरायला लागलं. ढोलवाले म्हणायचे, मालक, टेम्पोत भुंगा शिरलाय.

मास्तर पळून गेले नाहीत. आवाज मात्र सराई संपायची वाट बघत बसला नाही.

पहिल्यांदा ऐकलं ईरण्णानं. ईरण्णा बेंजो वाजवायचा. आळंदचा, अर्धा कानडी, कान सोनाराचा. मुरूम गावच्या लग्नातून परतताना तो मकबूलला म्हणाला, “मालक, पोरगं वर जाऊन घसरूलालंय. मधीच जाड आवाज येतोय. पट्टी उतरवू का? दोन घरं खाली घेतो, कुणाला कळायचं न्हाई.”

“फ्लेक्सवर काळी पाच लिहिलंय.”

“फ्लेक्स गाऊलालाय का पोरगं?”

“ईरण्णा, तू वाजवायचे पैसे घेतोस का बोलायचे?”

ईरण्णानं बेंजोवर खोळ चढवली. वाजवायचे पैसेही त्याला दोन लग्नांचे यायचे होते.

घरात मिरच्या उतरून चुलीत टाकल्या गेल्या. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, दर्ग्यावरचं पढलेलं पाणी झालं. पोर सकाळी बोलायचं तेव्हा निम्मा शब्द बापाच्या आवाजात यायचा आणि निम्मा आईच्या. एका सकाळी फरिदाबीनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. ओठावर काळसर लव होती. ती तशीच नवऱ्यापुढं आली.

“अजी, ही नजर न्हाई. पोराचा आवाज फुटूलालाय. माझ्या तिन्ही भावांचे असेच फुटले. मास्तर काय म्हणाले होते? घेऊन जा त्याला.”

“नऊ वर्षांच्या पोराचा आवाज फुटतो व्हय?” मकबूल म्हणाला.

फरिदाबी त्याच्याकडं बघतच राहिली. तो थट्टा करत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. चार वर्षं रोज भोंग्यावरून नऊ-नऊ सांगून सांगून ते त्याला स्वतःलाच पटलं होतं. लोकांना विकायला ठेवलेला माल दुकानदारानं घरी नेऊन खावा, तसं.

“जन्माला म्या घातलंय त्याला,” ती म्हणाली, “का तुमच्या फ्लेक्सवाल्यानं? तेरावं सरत आलंय!”

मकबूल दचकला. बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाला, “तेरा तर तेरा. ढोकीचं एक लग्न होऊ दे. इसार घेतलाय. व्यंकटरावानं व्हिडिओ बघून सुपारी दिली. पोराशिवाय गेलो तर ते गाडा ठेवून घेतील.”

“आणि गळा?”

“त्याचं बघतो ना.”

त्याचं बघायला तो पोराला दवाखान्यात घेऊन गेला. कंपाउंडरनं पोराला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. “अरे, हा तर आपला बालकलाकार!” नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. चिठ्ठीवर दोन्ही आपल्या हातानं लिहिलं. आत डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, घशात बॅटरी मारली. नऊ वर्षांच्या पोराचा आवाज फुटण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ही सूज. जास्त गाण्यानं आलेली. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, “यानं बरं वाटेल, पण महिनाभर गायचं नाही.” मकबूल शेजारीच उभा होता. चिठ्ठीवरचा नऊचा आकडा त्यानं बघितला होता. खोडायला सांगितला नाही. आणि डॉक्टरांचं वाक्य त्यानं ‘बरं वाटेल’पर्यंत ऐकलं.

बरं खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी अरफात म्हणाला, “अब्बा, दुखत न्हाई आता.” दुखणं गेलं म्हणजे दुखापत गेली असं पोराला वाटलं, तर त्यात नवल नाही. बापालाही तेच वाटलं. फरिदाबीनं शेरवानीच्या काखेत आतून लाल ओढणीचा तुकडा जोडला आणि निरोप देताना पोराशी बोलली, नवऱ्याशी बोलली नाही.

ढोकीचं लग्न दुपारचं. आमच्याकडं नवरदेवाला मारुतीच्या पाया पडवून वाजत गाजत मांडवात आणतात, त्याला परण्या म्हणतात. पत्रिकेत मुहूर्त काहीही छापलेला असो, नवरदेवाच्या दोस्तांचं नाचून होईस्तोवर घोडी हलत नाही, आणि घोडी हलत नाही तोवर वाजाप थांबत नाही. परण्या मध्येच मुका पडला तर नवऱ्याकडच्यांची मान खाली जाते. भटजी मांडवात अक्षता वाटून झोपी जातात.

मे महिना. साखर कारखाना बंद, रस्त्याच्या कडेनं रिकाम्या ट्रॉल्या उभ्या, डांबर मऊ झालेलं. गाड्यावर अरफातच्या पाठीमागं जनरेटरचा धूर. पहिली काही गाणी पोर सुरेख गायलं. ईरण्णानं न विचारता पट्टी खाली घेतली होती, मकबूलनं कळून न कळल्यासारखं केलं होतं. दोघांनाही वाटायला लागलं की निभावलं.

मग नाचणाऱ्यांतल्या एकानं मोबाइल काढला. चार वर्षांपूर्वीचा तोच व्हिडिओ लावला आणि गाड्यावर चढून माइकला टेकवला. स्पीकरच्या भिंतीतून नऊ वर्षांच्या अरफातचा आवाज आला आणि साऱ्या रस्त्यावरून आकाशात गेला.

“ह्ये पायजे!” पोरं ओरडली. “ह्येच, ह्याच पट्टीत! ह्यो काय आज गुळणी धरून गाऊलालाय?”

व्यंकटराव फेटा सावरत गाड्यापाशी आले. “मकबूलभाई, सुपारी व्हिडिओतल्या पोराची दिलीय. थोरल्या भावाला आणलाव का काय?”

मकबूलनं ईरण्णाकडं बघून बोट वर केलं. ईरण्णानं मान हलवली, नाही. मकबूलनं बोट पुन्हा वर केलं.

काळी पाच लागली. घोडीपुढं पोरांनी आरोळी ठोकली. मकबूलनं आपली ओळ म्हटली, माझी होशील का, आणि नेहमीसारखा हात पुढं केला. आता उत्तर पोराचं होतं. अरफातनं बापाकडं बघितलं. मान किंचित हलवली. ढोल वाजतच होते, ओळ पुन्हा फिरून आली, आणि पोरानं छाती भरून वर झेप घेतली.

सूर लागला. एक क्षण तो थेट व्हिडिओतल्यासारखाच होता. मग कापड टरकावं तसा आवाज झाला, आणि नंतर काहीच नाही. पोराचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि स्पीकरच्या भिंतीतून नुसता वारा. लोकांना वाटलं माइक गेला. ढोलवाल्यानं माइकवर टिचकी मारली. माइक ठणठणीत होता. अरफातनं रुमाल तोंडाला लावला, बघितला, आणि घडी करून मूठ मिटली.

“मकबूलभाई, परण्या मुका चाललाय!” व्यंकटराव खालून ओरडले.

मकबूलनं पोराला स्पीकरच्या आडोशाला बसवलं. मग माइक घेतला आणि मर्दानी ओळ मर्दानी आवाजात म्हटली. बायकी ओळ आली तेव्हा नाकातून बारीक आवाज काढून तीही म्हटली. माझी होशील का, होईन हो, दोन्ही त्यानंच. लोक पोट धरून हसले, पहिल्या लग्नात हसले होते तसे. मांडवापर्यंत तो असाच गात गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते घामात मोजलं गेलं.

सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला. वय विचारलं. मकबूलच्या तोंडून ‘न’ निघाला आणि तिथंच अडकला. मागून फरिदाबी म्हणाली, “तेरा. लिवा, तेरा.” डॉक्टर म्हणाले, “आवाज बदलत असताना ताण पडला. स्वरतंतूत रक्त उतरलं, तिथं वण राहणार. बोलेल. घोगरं का होईना, बोलेल. गाण्याची आशा धरू नका.”

मग मकबूल पोराला घेऊन मठात गेला. चपला काढल्या आणि दारातच सगळं खरं सांगितलं. मास्तर मकबूलला ओलांडून पोरापाशी गेले. पोराला म्हणाले, “मी तुला विचारलं होतं रे बाळ. तुलाच विचारलं होतं.”

अरफात खाली बसला, तोंड मिटलं, आणि मास्तरांनी शिकवलेला ‘सा’ धरला. ओठ थरथरले. नाकातून हवा गेली. पुन्हा धरला, पुन्हा हवाच. मास्तरांनी त्याच्या हनुवटीखाली ठेवलेलं बोट काढून घेतलं आणि पेटीवर कापड टाकलं.

आता उरला हिशोब. व्यंकटरावांनी निम्मी बिदागी कापली, पण पुतण्याचं लग्न लागलं, उशिरा का होईना. दवाखान्यानं तपासायची फी घेतली होती, तिची पावती दिली होती. ईरण्णा आपले थकलेले पैसे न मागता दुसऱ्या पार्टीत गेला. त्याला स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असेल. सोलापूरची बाई परत आली, भाऊ घेऊन, आणि भाव वाढवून. मकबूलच्या घरावरची खोली आहे, टेम्पो आहे. रात्री बेरात्री तो खोलीत एकटा बसतो, पण बसायला खोली आहे. फरिदाबीकडं एक शेरवानी आहे, तिच्या शिवणीत काही उरलेलं नाही.

फ्लेक्स मजबूत निघाला. उलटा करून जनरेटरवर घातलाय. त्याच जनरेटरपाशी आता अरफात बसतो, डिझेल ओततो. तिथं कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळं त्याचा आवाज कसा आहे हा प्रश्न निघत नाही. वय विचारलं तर बोटांनी खरं सांगतो.

कमावलं ते नऊ वर्षांच्या पोरानं. भरलं तेरा वर्षांच्या पोरानं.